सादिलवार

माझे वडील वसईच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून होते, आणि कोणतीही गोष्ट एखाद्या लेखाशीर्षाखाली बसविल्यावाचून तिचे अस्तित्व मान्य करावयाचे नाही, ही शिस्त त्या कचेरीने त्यांच्या अंगी इतकी मुरविली होती की, १९९९ साली कालिन्याच्या विद्यापीठातून मानसशास्त्राची एम.ए. होऊन मी बाहेर पडले आणि दोन शाळांत मिळून समुपदेशकाचे अर्धवेळ काम मला लागले, तेव्हा पगार किती हे न विचारता, 'तो काढणार कुठल्या शीर्षाखाली?' असा प्रश्न त्यांनी केला. मला अर्थातच ठाऊक नव्हते. पहिल्या महिन्याचे २,२०० रुपये घेताना कार्यालयातील वहीवर सही करावयाची वेळ आली, तेव्हा मी वरचा मथळा वाचून पाहिला; तो 'विद्यार्थी उपक्रम' असा होता, आणि माझ्या नावाच्या वर स्नेहसंमेलनाच्या मंडपाचे भाडे व खाली क्रीडादिनाच्या ढाली यांची नोंद होती.

घरी येऊन हे सांगितले, तशी अण्णा हसले. 'म्हणजे सादिलवार,' ते म्हणाले. मग आपल्या नोकरीच्या प्रारंभीच्या दिवसांत पाहिलेल्या दप्तरांची आठवण काढून त्यांनी मला त्या शब्दाचा अर्थ समजावून दिला: शाई, सुतळी, लाखेच्या कांड्या, साहेबांच्या मुक्कामी पाणी भरणाऱ्याची मजुरी, असे जे जे लागते खरे, पण ज्याला कचेरीच्या आस्थापनेत स्वतःचे स्थान नसते, ते सारे सादिलवार. 'सादिलवारातून खर्च होतो, पोरी,' ते म्हणाले, 'नेमणूक होत नाही.' त्या वाक्यात माझ्या पुढील वीस-बावीस वर्षांची हकिकत आधीच लिहून ठेवलेली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानी आले नाही.

शाळेचा तो मुशाहिरा वर्षातून दहाच महिने मिळे. दिवाळी आणि मे यांच्या सुट्या बिनपगारी. कारण मुले शाळेत नसली की त्यांची दुःखेही शाळेच्या हिशेबी नसत. मुलाखतीच्या वेळी शाळा चालविणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला विषयासंबंधी एकही प्रश्न विचारला नव्हता. 'लग्न झाले का, यजमान काय करतात?' एवढेच विचारले होते, आणि यजमान बँकेत आहेत असे कळताच त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले, त्याचा अर्थ मला पुढे पुष्कळ दिवसांनी उलगडला. या व्यवसायात आपल्याकडे स्त्रिया बहुसंख्य आहेत. आणि ज्या कामात स्त्रिया बहुसंख्य असतात, त्याचा मोबदला घरातली दुसरी मिळकत म्हणून ठरविला जातो, आणि तो वेतन न राहता हातखर्च होऊन बसतो. माझ्या वर्गातील मोजके पुरुष दोन-तीन वर्षांत विमा, जाहिरात नाहीतर कारखान्यांतील माणसांच्या भरतीचे खाते यांकडे वळले, तेही याच कारणाने. पण त्यांना दोष देण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

एम.ए.च्या वरची पायरी होती, नाही असे नाही. आपल्या देशात मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात निघाला. पण मनोरुग्णांवर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचे पद्धतशीर प्रशिक्षण बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेत १९५५ साली सुरू झाले, आणि त्याचीच पुढे दोन वर्षांची एम.फिल. झाली. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या कायद्याने या प्रशिक्षणास सनदेचे स्वरूप दिले. ज्याने हा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेत पुरा करून परिषदेच्या पटावर नाव नोंदविले, तो 'चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ'. बाकीचे आम्ही समुपदेशक, मार्गदर्शक, किंवा नुसत्याच 'मॅडम'. जागा मात्र अशा संस्थांतून बोटांवर मोजण्याइतक्या, आणि अर्ज शेकड्यांनी. बंगळूरची प्रवेशपरीक्षा मी दोनदा दिली. दुसऱ्या खेपेस प्रतीक्षायादीपर्यंत पोचले, आणि त्या यादीतून बोलावणे येण्यापूर्वी माझी मुलगी जन्मास आली. त्यामुळे ती पायरी माझ्या वाट्यास आली नाही, आणि ज्या जिन्याला मधली एक पायरी नसते, त्याच्या तळाशी माणसांची जी दाटी होते, तीत मी उभी राहिले.

२००७ साली मी सातिवलीस आले. वसई रोड स्थानकाच्या पूर्वेकडून शेअर रिक्षा पकडावी, गोलाणी नाका मागे टाकावा, आणि तुंगारेश्वरचा डोंगर समोर मोठा होऊ लागला की रस्त्याच्या दोन्ही अंगांस गाळ्यांच्या रांगा सुरू होतात. खाली यंत्रे, वर पोटमाळ्यावर कामगारांचे बिऱ्हाड, दारात तुटलेल्या प्लास्टिकची पोती, आणि हवेत तापलेल्या प्लास्टिकचा व कापल्या जाणाऱ्या लोखंडाचा मिळून एक गोडसर-जळकट वास. येथे सुटी रविवारी नसते, शुक्रवारी असते. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचले, तरी पाळी चुकत नाही; मी कितीदा चपला हातात घेऊन कारखान्याच्या फाटकाशी पोचले, याची गणती नाही.

मला नोकरी लागली ती पाचशेहून अधिक माणसे असलेल्या एका कारखान्यात. त्या वेळी अमलात असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४९व्या कलमाने, पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असतील तेथे कल्याण अधिकारी नेमणे मालकावर बंधनकारक होते. त्या पदास समाजकार्याची किंवा कामगार-कल्याणाची पदवी लागे, ती माझ्यापाशी नव्हती. म्हणून पदाच्या खुर्चीवर दुसरेच एक गृहस्थ बसले, आणि त्यांच्या टेबलाच्या कडेला, हजेरीपटाच्या गठ्ठ्यांमागे, दरमहा ८,५०० रुपयांवर माझी 'सहायक' म्हणून स्थापना झाली. कामगारांशी बोलण्याचे काम माझे, त्यावर सही करण्याचे त्यांचे.

पहिल्या पगाराच्या पावतीवर १४९ रुपयांची वजावट पाहून मी चौकशी केली, तेव्हा कळले की ती कामगार राज्य विमा योजनेची वर्गणी होती. त्या काळी दहा हजारांपर्यंत वेतन असलेल्या प्रत्येकास ती योजना लागू असे, व वेतनाच्या पावणेदोन टक्के कापले जात. ज्यांचे मन ऐकून घेण्यासाठी मला नेमले होते, त्यांच्याच रांगेत उभे राहून मी माझे विम्याचे कार्ड काढविले. आरंभी मला त्याचा संकोच वाटला. पण त्या रांगेत एका पॅकिंग करणाऱ्या बाईने मला जागा देत, 'तुमीपन आमच्यातल्याच की मॅडम,' असे म्हटल्यापासून कामगार माझ्याशी अधिक मोकळेपणाने बोलू लागले, हेही खरे. तीन वर्षांनी कामगारांची संख्या पाचशेच्या खाली आली, कल्याण अधिकाऱ्याचे पद गेले, आणि पदाच्या कडेला टेकलेली मी आपोआपच गेले.

त्यानंतर मी फेऱ्या करू लागले. पंधरा-वीस, फार तर साठ माणसांच्या गाळ्यांत कायद्याने कसलाही अधिकारी लागत नाही. पण दारू, रात्रीची भांडणे, गावाकडची आठवण, कुणाचे तरी एकाएकी गप्प होऊन बसणे, हे सारे तेथेही असते. ओळखीने कुणी बोलावले, तर एका फेरीचे ४०० रुपये मिळत. त्यातीलच एक प्रसंग मी सविस्तर सांगणार आहे. कारण आमच्या व्यवसायाचे सारे अर्थशास्त्र मला त्याने शिकविले.

पत्र्याच्या बिजागऱ्या करणाऱ्या एका गाळ्यात जौनपूरकडील एक तरुण कारागीर पॉवर प्रेस चालवीत असे. पायाने पायडल दाबावे, वरचा डाय खाली येऊन पत्रा कापावा, हाताने तुकडा काढून नवा सरकवावा, अशी ती क्रिया दिवसाकाठी हजारो वेळा व्हावयाची. आणि त्या हजारांतील एका वेळी पाय हाताच्या आधी गेला. उजव्या हाताची दोन बोटे गेली. नुकसानभरपाईच्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात शरीराच्या अवयवांचे दर टक्केवारीने लावून दिले आहेत: अंगठा गेला तर ३०, एका हाताची दोन बोटे गेली तर २०, नुसती तर्जनी असेल तर १४. त्याप्रमाणे त्याला जे मिळावयाचे ते मिळाले, जखम भरली, आणि तीन महिन्यांनी तो कामावर परत आला. पण स्टुलावर बसला की त्याचा पाय पायडलवर पडेना. 'पाँव सुनता नहीं, मैडम,' असे तो मला म्हणाला, आणि स्वतःच्या पायाकडे असा पाहू लागला, जणू तो पाय शेजाऱ्याचा होता. त्या परिशिष्टाची पाने मी पुढे अनेकदा चाळली. भीतीचा दर त्यात कोठेही लावलेला नाही.

सहा फेऱ्या मी त्याच्यासाठी केल्या. पहिल्या दिवशी यंत्र बंद ठेवून आम्ही दोघे नुसते त्याच्याजवळ बसलो. दुसऱ्या दिवशी डाय काढून ठेवलेल्या प्रेसचे पायडल त्याने हातानेच दाबून पाहिले. तिसऱ्या दिवशी पायाने. त्याचा श्वास, कपाळावरचा घाम, खांद्याचा ताठा, यांच्याकडे लक्ष ठेवीत एकेक पाऊल पुढे न्यावयाचे, आणि शरीर मागे सरले की आपणही मागे सरावयाचे, अशी ती रीत आहे. चौथ्या फेरीस मात्र माझ्या ध्यानात आले की मी ज्याला विकार समजून दूर करू पाहत होते, तो पुष्कळ अंशी विकार नव्हताच. यंत्रास पुढे जाळी नव्हती, एकट्या पायावर चालणारे ते यंत्र कालइतकेच आजही धोक्याचे होते, आणि त्या तरुणाचा पाय हे सत्य त्याच्या मालकापेक्षा अधिक प्रामाणिकपणे सांगत होता. मी मालकांना सांगितले की, जाळी बसवा, आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याखेरीज डाय खाली येणार नाही अशी बटणे बसवा. मग मी पुढे काम करीन. ते पुष्कळ कुरकुरले, पण पंधरा दिवसांत मिस्त्री आणून त्यांनी ते बसविले. सहाव्या फेरीस त्या तरुणाने माझ्यादेखत अकरा बिजागऱ्या कापल्या आणि बाराव्या वेळी चहा मागितला.

पैसे घेण्यास मी पोटमाळ्यावर गेले. तेथील मेहताजी वयोवृद्ध गुजराती गृहस्थ; अक्षर मोत्याचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्यांनी व्हाउचर लिहावयास घेतले, २,४०० हा आकडा टाकला, आणि 'कशाबद्दल' या रकान्यापाशी येऊन लेखणी थांबविली. 'मॅडम, याला काय लिवू?' मी म्हटले, 'समुपदेशन लिहा.' त्यांनी मान हलविली. 'असा खाता नाय.' थोडा वेळ वही मागे-पुढे चाळून त्यांनी शेवटी एका ओळीत दोन रकमा घातल्या: मिस्त्रीची मजुरी आणि माझी फी, मथळा 'दुरुस्ती व देखभाल'. मिस्त्रीची रक्कम माझ्याहून मोठी होती. त्याचा एका फेरीचा दर सहाशे होता, आणि ते योग्यच होते. त्याने बसविलेल्या जाळीवाचून माझे सारे कौशल्य एका माणसास पुन्हा धोक्यापुढे नेऊन बसविण्याच्या कामी आले असते.

त्या दिवशी परत येताना मला उमगले की मेहताजींनी माझा अवमान केला नव्हता. त्यांनी वस्तुस्थितीची नोंद केली होती. मालकाने माझे पैसे त्या तरुणाच्या मनासाठी दिले नव्हते, थांबलेल्या प्रेससाठी दिले होते. शाळेने दिले ते मुलांच्या दुःखासाठी नव्हेत, दहावीच्या निकालासाठी. मोठ्या कारखान्याने दिले ते ४९व्या कलमासाठी. पुढे एका सरकारी योजनेत मी अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर, मध्ये एका दिवसाचा खंड पाडून, तीन वर्षे काम केले. तेथे मला मिळे ते मानधन, वेतन नव्हे, आणि ते महिनाअखेर किती माणसे बरी झाली यावर नसून किती रकाने भरले यावर मंजूर होई. आमचा पगार आमच्या कामाचा नसतो. ते काम दुसऱ्याच्या दप्तरात ज्या परक्या नावाने बसविले जाते, त्या नावाचा तो असतो.

अर्थशास्त्रात गरज आणि मागणी यांत भेद करतात. २०१५-१६ साली बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने बारा राज्यांत केलेल्या पाहणीत, प्रौढांपैकी दहा टक्क्यांहून थोडे अधिक लोक त्या घटकेस कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त असल्याचे आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नसल्याचे आढळले. एवढी गरज असलेल्या मुलुखात आमची मिळकत वाढावयास हवी होती, असे कुणासही वाटेल. परंतु गरज ज्याची, त्याच्या खिशात फी नाही. आणि फी ज्याच्या खिशात आहे, त्याची गरज दुसरीच आहे. मुंबईच्या पश्चिम उपनगरांत तासाचे दीड-दोन हजार घेणाऱ्या माझ्या सहाध्यायिनी आहेत. तेथे गरज आणि मागणी एकाच माणसात एकत्र येतात. रेल्वेने पाऊण तास उत्तरेस सरकले की ती दोन माणसे होतात, आणि आमच्यासारख्यांचा पगार त्या दोघांमधील अंतरात कोठेतरी हरवतो.

हे असेच असावयास हवे, असे मात्र नाही. अहमदाबादच्या गिरण्यांनी १९४७ साली उभारलेल्या 'अटिरा' या संशोधनसंस्थेत कमला चौधरींसारख्या मानसशास्त्रज्ञ गिरणीतील माणसांचा अभ्यास करीत होत्या. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस कॅलिको मिलच्या मागखात्यात उतरले, आणि विखुरलेल्या कामगारांचे लहान गट करून एकेका गटाकडे ठराविक मागांची सारी जबाबदारी सोपविताच उत्पादन वाढले व कापडातील खराबी घटली, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे यंत्र आणि मन यांचा विचार एकत्र करावा लागतो, ही गोष्ट सातिवलीतील गाळे उभे राहण्यापूर्वीच या देशात सिद्ध झाली होती. धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी तर त्याच्याही आधी, बिने यांची बुद्धिमापन चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बसविली, आणि १९४० साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आज माझ्या चरितार्थाचा मोठा भाग त्या 'बिने-कामत' चाचणीवर चालतो. मंदगती मुलांच्या दाखल्यांसाठी पालक दूरवरून येतात. ज्या गृहस्थांच्या कष्टांवर माझ्यासारख्या अनेकांची पोटे भरली, त्यांचे नाव ती पेटी उघडताना मी मनातल्या मनात घेते.

कायदेही आता बदलत आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने शारीरिक आजारांप्रमाणेच मनाच्या आजारासही विमा देणे भाग पाडले. २०२१ च्या कायद्याने एम.ए. झालेल्या आमच्यासारख्यांचीही व्यावसायिक म्हणून नोंद होण्याची वाट काढली. वहीत खाते उघडण्याची ही पूर्वतयारी आहे, असे मी समजते. खाते उघडले म्हणजे रक्कम जमा झाली असे नव्हे, हे अव्वल कारकुनाच्या मुलीस कुणी सांगावयास नको.

चार वर्षांपूर्वी मी वसईत दोन खोल्यांचे स्वतःचे केंद्र काढले. तीनशेपासून सातशेपर्यंत, माणूस पाहून फी घेते. सातिवलीचा कामगार असेल तर शुक्रवारी येतो, आणि कधी कधी काहीच देत नाही. गेल्या जून महिन्यात एम.ए. झालेली नालासोपाऱ्याची एक मुलगी माझ्याकडे कामास राहिली. दरमहा १८,००० ठरले. त्याहून अधिक मला परवडणारे नव्हते, आणि त्याहून अधिक तिला मिळावयास हवे होते, हे आम्हा दोघींनाही माहीत होते. महिनाअखेर हिशेबाची वही तिनेच पुढे ओढली आणि विचारले, 'ताई, हे कशात लिहू? मागच्या पानावर किरकोळ खर्च आहे, त्यात घालू का?'

मागच्या पानावर चहा होता, झाडूवाल्या मावशींचे पैसे होते, पेनांचे डबे होते. मी वही तिच्या हातून घेतली. अण्णा जाऊन आता सहा वर्षे झाली; पण त्या क्षणी ते टेबलापलीकडे बसून, मी काय लिहिते ते चष्म्यावरून पाहत आहेत, असे मला वाटले. इतकी वर्षे इतरांच्या वह्यांतील मथळ्यांवर मी रुसले होते, आणि माझ्या स्वतःच्या वहीत त्या मुलीसाठी पान नव्हते. एवढेच नव्हे, तर सारी वही चाळून पाहिली तेव्हा दिसले की चार वर्षांत माझे स्वतःचे वेतन मी एकदाही लिहिलेले नाही. सगळे देणे भागवून जे उरेल ते घरी न्यावयाचे, अशी माझी वहिवाट होती. मीच मला सादिलवारात घातले होते.

नवे पान काढून मी वर 'आस्थापना : वेतन' असा मथळा घातला आणि खाली दोन ओळी आखल्या. पहिल्या ओळीत तिचे नाव व १८,००० शाईने लिहिले. दुसऱ्या ओळीत माझे नाव लिहिले, तेही शाईनेच. पुढचा आकडा मात्र अजून पेन्सिलीने लिहिलेला आहे.